खाऱ्या पाण्यात भिजवलेली चाकं

मोटार बंद पडली की माणूस आधी तिला लाथ मारतो, मग देवाचं नाव घेतो आणि शेवटी मिस्त्रीला बोलावतो. रेवदंड्याच्या नाक्यावर मी गॅरेज टाकलं तेव्हापासून हात थकेपर्यंत हा क्रम काही बदलला नाही. लाथ मारणारा बहुधा मालक असे, देवाचं नाव घेणारे उतारू. मला बोलवायला ड्रायव्हर येई. तो जितका सावकाश चालत आला तितका बिघाड त्याच्याच हातचा, हे मी त्याच्या चालीवरून ओळखत असे.

दिवाळी अंकासाठी मोटारधंद्यातल्या गमती लिहा, असं मला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. रेवसच्या धक्क्यावर एक नवरदेव उतरला होता. मुहूर्त जवळ आलेला आणि मोटार काही केल्या सुरू होईना. तेव्हाच्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, कारण इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल मनगट मोडतं. हे मी त्या नवरदेवाला ओरडून सांगत होतो. तो मुंडावळ्या मागे सारून म्हणाला, "बाजूला व्हा हो, मी तालमीत जातो." पुढं काय झालं ते सांगायला नको. बिचाऱ्यानं पाणिग्रहण डाव्या हातानं केलं.

एकदा आमच्या मोटारीच्या रेडिएटरमधून वाफ निघायला लागली, तेव्हा मागं बसलेल्या कोळीणबाई म्हणाल्या, "ताप चढलाय रं तिला." ड्रायव्हर पाणी शोधायला वाडीत गेला. तो येईपर्यंत बाईंनी टोपलीखाली साठलेलं म्हावऱ्याचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं होतं. महिनाभर मोटारीला बोंबलांचा वास येत होता आणि दुसऱ्या महिन्यात रेडिएटर सडून गळायला लागला. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते मी अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

तर हे सगळं तीस सालाच्या आसपासचं. रेवस ते रेवदंडा रस्त्यावर तेव्हा दोन मोटारी चालत आणि दोन्ही नानाशेटच्या होत्या. नानाशेट म्हणजे श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांच्या घरातला धाकटा. बागेत, शिंपण्यात, सोलण्यात त्याचं मन रमेना. वडिलांशी भांडून मोटारी घेतल्या आणि त्या सांभाळायला मुंबईच्या गॅरेजातून मला उचलून आणलं. माणूस उमदा, पण डोकं भलतीकडेच चालणारं. एके दिवशी वर्तमानपत्र नाचवत आला आणि म्हणाला, "दामू, शर्यत आहे. आपल्याच रस्त्यावर."

मुंबईच्या हौशी मोटारवाल्यांनी वैशाखात अलिबाग ते रेवदंडा अशी शर्यत ठेवली होती. सूर्य उगवल्यापासून बुडेपर्यंत, बारा तास, सारखं जायचं आणि यायचं. कोण किती फेऱ्या करतो हे ते मोजणार होतेच, पण खरी अट वेगळी होती. सूर्य बुडताना जी गाडी स्वतःच्या चाकांवर चालत असेल, तिची शर्यत पुरी झाली. बाकीच्या बाद. पळण्यापेक्षा टिकण्याची शर्यत होती म्हणा ना.

मी म्हटलं, "आपल्या गाड्या अलिबागपर्यंत एकदा जातात तेच नवल आहे."

"त्या नाही रे. आपण आपली नवी करायची. नमुन्याची. इथली."

मी हसलो. पण नानाशेटला हसलं की तो इरेला पेटत असे. एका लॉरीचा सांगाडा खाडीच्या उतारावर पडून होता, तो त्यानं मिळवला. एका जळक्या टूरिंग गाडीचं इंजिन मी खोललं, घासलं, पुन्हा जोडलं. त्या इंजिनाबद्दल मला अजूनही अभिमान आहे, आणि तो अभिमानच मला नडला. उरली वरची बॉडी. पत्र्याची केली असती तर आमचा सांगाडा तिच्या वजनानंच वाकला असता. नानाशेट म्हणाला, "गोमातात्यांना विचारू."

गोमातात्या म्हणजे रेवदंड्याच्या खाडीकाठी शिडाचे मचवे बांधणारे सुतार. वय साठीचं, अंग काटकुळं, आवाज मात्र खाडीच्या पलीकडे जाणारा. दोन वर्षं त्यांच्या हातात नवा मचवा आला नव्हता. पूर्वी जो माल मचव्यांतून जाई तो आता रस्त्यानं जायला लागला होता, म्हणजे एका अर्थी आमच्यासारख्यांनीच त्यांचं काम खाल्लं होतं. त्यांचा एकुलता मुलगा पांडू याच कारणानं मुंबईला गोदीत हमालीला गेला होता. जातिवंत सुताराचा हात, आणि पाठीवर गोणी! तात्या त्याबद्दल बोलत नसत. त्यांची बायको बोलायची, आणि बोलताना डोळ्याला पदर लावायची.

नानाशेटनं कागदावर गाडीचं चित्र काढून नेलं होतं. तात्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि खिशात घातलं.

"मानसं किती बसनार?"

"दोन," नानाशेट म्हणाला.

"वारा कुठून?"

"समोरून. गाडी पळाली की वारा समोरूनच."

"म्हंजे उलट्या वाऱ्याचा मचवा," तात्या म्हणाले आणि कामाला लागले. चित्र त्यांनी पुन्हा उघडलं नाही. सगळं माप वितीनं आणि डोळ्यानं. मचव्याला असतात तशा सागाच्या बारीक फासळ्या, त्यांवर पातळ फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी बसवलेल्या, पुढं मचव्याच्या नाळेसारखं निमुळतं टोक. बॉडी तयार झाल्यावर मी आणि नानाशेटनं ती दोघांत उचलून सांगाड्यावर ठेवली. पत्र्याची असती तर सहा माणसं लागली असती. शेवटी तात्यांनी तिला रीतीप्रमाणे माशाचं तेल चोपडलं. त्यानंतर गाडी गावातून निघाली की मागं मांजरांची मिरवणूक असे. लोक तिला मचवाच म्हणायला लागले.

आता चाकांचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. मचव्याची चाकं लाकडी आऱ्यांची होती. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांची तशीच असत. वैशाखात लाकूड सुकतं, आरे आकसतात आणि चाक चालताना करकरायला लागतं. तसंच दामटलं तर एखाद्या वळणावर आरे निसटून चाकाचा पंखा होतो. उपाय सोपा, चाकं पाण्यात भिजवायची. लाकूड फुगतं आणि आरे घट्ट बसतात. मात्र चाकाच्या मधोमध लोखंडी तुंबा असतो, त्यात पोलादी छर्रे आणि त्यांवर ग्रीस. चाक बुडवलं की तुंब्यात पाणी शिरणारच. म्हणून भिजवून झाल्यावर तुंबा उघडायचा, छर्रे रॉकेलनं धुवायचे, नवं ग्रीस भरायचं. एका चाकाला अर्धा-पाऊण तास लागतो, फार काही अवघड काम नाही.

शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही मचवा अलिबागपर्यंत नेऊन आणला. इंजिन छान, बॉडी छान, चाकं करकरताहेत. मी म्हटलं, "विहिरीवर नेऊन भिजवू."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीला शिवी दिली. "गोड्या पान्यात? लाकूड कुजवायचंय तुला? गोडं पानी लाकडाचा वैरी हाय, मिस्त्री. खाऱ्या पान्यात ठेव, तुझ्या नातवाच्या लग्नाला बी तीच चाकं येतील."

"लोखंड गंजतं तात्या."

"लोखंडाचं तू बघ. लाकडाचं मी बघतो."

त्यांचं चुकलं नव्हतं. जन्मभर खाऱ्या पाण्यात उभं राहून लाकूड जोडणारा माणूस दुसरं काय म्हणणार? मीही म्हणालो, "बुडवा. मी तुंबे उघडून धुईन." हे माझे शब्द. खाडीला भरती होती, तात्यांनी चारही चाकं दगड बांधून बुडवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला काढली. आरे असे बसले होते की हातोडी मारली तर टणत्कार यावा. तात्या स्वतःवर खूश होऊन मला म्हणाले, "कसं?" मी म्हणालो, "झकास." आणि तुंबे उघडायला बसलो.

मागची दोन झाली. पुढचं डावं झालं. तेवढ्यात गॅरेजपुढं एक मोटार थांबली.

त्यातून वाडीलालशेट उतरले. मुंबईला लॉऱ्यांच्या बॉड्या बनवून घेऊन त्या कंत्राटदारांना पुरवायचा त्यांचा धंदा. शर्यत पाहायला ते आदल्या दिवशीच आले होते. मचव्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बोटानं फळी वाजवून पाहिली, वाकून खालून फासळ्या पाहिल्या.

"आ बॉडी कोणी केली?"

तात्या पुढं झाले.

"हलकी छे. पण टिकेल काय?"

"मचवा टिकतो ना दर्यात? मंग?"

वाडीलालशेट हसले. माणूस चोख होता, मला त्याच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. ते म्हणाले, "असं करू. उद्या बारा कलाक आ गाडी चालली, वाटेत थांबली नाय, तर माझ्या सगळ्या लॉऱ्यांच्या बॉड्या तुझ्याकडे. इथंच कर, लाकूड मी पाठवीन. तुला माणसं लागतील पण."

"मानूस हाय," तात्या म्हणाले. "माझा पोरगा हाय. कालच मचव्यातनं आल्यागत येईल." ते काय बोलले ते त्यांनाच नीट कळलं नसावं. त्यांनी लगेच बायकोला सांगायला घराकडे धूम ठोकली. साठीचा माणूस वाळूतून पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आणि मग वाडीलालशेट माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिन कोणी जोडलं?"

झालं! मी हातातला पाना ठेवला. मुंबईचा जाणकार माणूस माझं इंजिन बघायला मागतोय म्हटल्यावर मला काय, आभाळ ठेंगणं झालं. बॉनेट उघडलं. कुठला भाग कुठल्या गाडीचा, कुठं मी काय घासलं, कुठं काय बदललं, सगळं पाल्हाळ लावून सांगितलं. ते बिचारे मान डोलवत होते. इंजिन सुरू करून दाखवलं, बंद केलं, पुन्हा सुरू करून दाखवलं. ते गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. नानाशेट घाई करत होता, "दामू, चाकं चढव, गाडी उभी कर, मंडळी नोंद करायला येताहेत." मी चौथं चाक हातात घेतलं. पुढचं उजवं. फिरवून पाहिलं तर छान फिरत होतं. म्हटलं, पहाटे उघडू. चढवलं.

पहाटे काय उघडणार? पहाटे पेट्रोल, तेल, हवा, कपाळाला गुलाल आणि नानाशेटच्या आईनं पाठवलेला अंगारा. ते चाक माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं, असं मला लिहायला आवडेल. पण ते पूर्ण खरं नाही. दोनदा आठवलं होतं. दोन्ही वेळा मी स्वतःला म्हटलं, चालेल.

सूर्य वर आला आणि सात गाड्या सुटल्या. सहा विलायती, चकचकीत. सातवी आमची, माशाच्या तेलाची. नानाशेट चालवायला आणि मी शेजारी. सुरुवातीला सगळे आम्हाला मागे टाकून गेले. एका गाडीतल्या साहेबानं तर टोपी काढून आम्हाला निरोप दिला. नानाशेटचे कान लाल झाले, पण मी त्याला सांगून ठेवलं होतं, वेग वाढवायचा नाही. तो रस्ता मला पाठ होता. चौलच्या वाड्यांमधून जाताना अशी वळणं आहेत की नारळाची झाडं अंगावर येतात, आणि अलिबागच्या अलीकडचे खड्डे तर विचारूच नका. जड गाड्यांना ते खड्डे दुपारपर्यंत पुरले. एकीची स्प्रिंग तुटली. एकीचे टायर इतक्या वेळा फुटले की मालक सावलीत जाऊन झोपला. टोपी काढणाऱ्या साहेबाची गाडी एका वळणावर भाताच्या खाचरात उतरली होती. आम्ही जवळून गेलो तेव्हा नानाशेटनं आपली टोपी काढली.

मचवा हलका म्हणून टायर टिकले. टोकदार नाळ म्हणून वारा कापला जात होता. फळीन् फळी जागच्या जागी. तिसऱ्या प्रहरी तीन गाड्या उरल्या, त्यातली एक आमची. रेवदंड्याला प्रत्येक फेरीला आंब्याखाली वाडीलालशेट खुर्चीवर बसलेले दिसत आणि शेजारी तात्या उभे. दिवसभर ते खाली बसले नाहीत. आम्ही आलो की कानावर हात आडवा धरून चाकांचा आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. करकर नाही. एका फेरीला ते ओरडले, "पांडूला सांगावा धाडलाय!"

ऊन कलायला लागलं तेव्हा मला आवाज आला. करकरीचा नाही, खर्र असा, बारीक, लोखंडाचा. दुसऱ्या कुणाला आला नसता. कुठल्या चाकाचा हे मला बघावं लागलं नाही. अलिबागच्या टोकाला गाडी वळवायला हळू झाली तेव्हा मी खाली वाकून तुंब्याला हात लावला. तळहाताला फोड आला. तो डाग अजून आहे.

नानाशेटनं विचारलं, "काय रे?"

"काही नाही. हळू घ्या."

सुटे छर्रे माझ्याकडे नव्हते. थांबलो तर शर्यत गेली, चाललो तर कदाचित पोचू. एवढंच माझं गणित. दुसऱ्याच्या मुलाचं घरी येणं मी त्या कदाचितवर टांगलं होतं. चौल ओलांडलं. रेवदंडा मैलभर राहिलं. सूर्य माडांच्या शेंड्यांपर्यंत आला होता, अजून अर्धा तास असेल नसेल. तेवढ्यात पुढचं उजवं चाक जाम झालं. मचवा आडवा फिरला आणि एका वाडीच्या गडग्याला टेकून उभा राहिला. आम्हाला खरचटलं सुद्धा नाही. गडग्याचे चार दगड पडले, पण मचव्याची फळी हलली नाही.

आम्ही आलो नाही म्हणून वाडीलालशेट तात्यांना आपल्या मोटारीत घालून शोधत आले. तोवर मी तुंबा उघडला होता. आतून तांबडा-काळा चिखल निघाला आणि छर्ऱ्यांचा भुगा. नानाशेटनं वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "दामू, तू तुंबे उघडले होतेस ना?"

"उघडले होते," मी म्हणालो. चारातले तीन उघडले होते, तेवढं खरं होतं.

वाडीलालशेटनी सगळी बॉडी हातानं चाचपली. "बॉडी तर मजबूत छे," ते म्हणाले. "मग आ कसं झालं? कोणाची चूक?" मला तेव्हाही कळत होतं की हा माणूस तात्यांना काम द्यायला निमित्त शोधतो आहे. चूक मिस्त्रीची निघाली असती तर बॉडीला दोष नव्हता, काम मिळालं असतं. मी तोंड उघडायच्या बेतात होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

तात्यांनी तो तांबडा चिखल बोटावर घेतला, चाटून पाहिला आणि थुंकले. "खारं," ते म्हणाले. "शेटजी, माझी चूक. मिस्त्री गोडं पानी म्हनत व्हता. मीच हट्टानं खाडीत बुडवली चाकं. त्यानं धुतली तरी खारं पानी आत ऱ्हायलंच."

मी मूग गिळून उभा राहिलो.

वाडीलालशेटनी पुन्हा एकदा फळी वाजवून पाहिली. मग म्हणाले, "काका, हात तुझा सोन्याचा छे. पण लॉरीमधी लाकूड-लोखंड दोन्ही एकत्र राहतं. लोखंड ज्याला समजत नाय त्याला मी काम कसं देऊ?" त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं ते गेले. पांडूला दुसरा सांगावा धाडला गेला, येऊ नको म्हणून.

माझं गॅरेज मात्र चाललं. दिवसभरात एकदाही न कुरकुरलेलं इंजिन बांधणारा मिस्त्री म्हणून अलिबागपासून गिऱ्हाइकं यायला लागली. मचव्याची बॉडी नानाशेटनं उतरवून तात्यांना परत दिली, ती त्यांच्या अंगणात पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या राहायला लागल्या. तात्या बैलगाडीची चाकं करायला लागले. मचव्याचा सुतार बैलगाडीचं चाक करतो तेव्हा ते चाक जरा जास्तच सुबक होतं, शेतकऱ्यांना त्याचं काय?

चाक झालं की भिजवायचं. खाडी त्यांच्या अंगणाला लागून, उठून ढकललं तर चाक पाण्यात पडेल. पण तात्या देवळामागच्या विहिरीवरून कळशीनं गोडं पाणी आणत. चढाची वाट, एका चाकाला वीस-पंचवीस कळशा. दर उन्हाळ्यात मी ते पाहत होतो. एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, बैलगाडीला कुठं छर्रे असतात? खाडीतच टाका की."

"नको रं बाबा. खारं पानी दगा देतं."

नारळी पौर्णिमेला सगळं गाव खाडीकाठी जाई, दर्याला नारळ द्यायला. तात्या घरात बसत. बायको सांगून दमली. "त्यानं माझा पोरगा ठेवून घेतला मुंबईत," म्हणायचे. लोकांना वाटे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला माहीत होतं की फिरलेलं नाही. अशी सात-आठ वर्षं गेली. मी त्या वर्षांत पुष्कळ मोटारी दुरुस्त केल्या.

एका चैत्रात मी त्यांच्याकडे लॉरीची एक फळी बसवून घ्यायला गेलो होतो. दुपारची वेळ. तात्या विहिरीकडून कळशी घेऊन येत होते आणि अर्ध्या वाटेवर कळशी खाली ठेवून बसले. गुडघे धरले होते. मी जाऊन कळशी उचलली आणि अंगणात आणून चाकावर ओतली. दुसरी आणली. तिसरी आणायला निघालो तेव्हा ते म्हणाले, "बस रं. तुला कशाला तरास?"

तेव्हा मी सांगितलं. पाल्हाळ न लावता सांगितलं. इंजिन दाखवत बसलो, चौथा तुंबा उघडलाच नाही. उघडून ग्रीस भरलं असतं तर खाऱ्या पाण्यानं काही बिघडलं नसतं. आणि गोड्या पाण्यात भिजवूनही तो तसाच ठेवला असता, तरी ग्रीस धुऊन जाऊन छर्रे घासलेच असते.

तात्यांनी चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवला.

"तीन उघडलेस?"

"तीन."

"आनि पुढचं उजवं न्हाय."

"नाही."

"पांडू परत आला असता रं, मिस्त्री." त्यांचा खाडीपार जाणारा आवाज मला ऐकायला पुढं वाकावं लागलं. "पांडू आला असता. आनि मी एवढी वर्सं दर्याला शिव्या घातल्या."

मी माफ करा म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. उठून घरात गेले. मला वाटलं, आता लाकूड तासायचा वाकस घेऊन येतात आणि माझं डोकं फोडतात. खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ते आले ते हातात नारळ घेऊन. तो माझ्या हातात ठेवला.

"तू दे."

मी खाडीत उतरलो, गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ टाकला. तो डुलत डुलत परत आला आणि माझ्या पायाला लागला. पुन्हा टाकला, जोरानं. पुन्हा काठाला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा मागून आवाज आला.

"भरती हाय. भरतीला टाकतात व्हय नारळ? एवढी वर्सं इथं ऱ्हाऊन एवढं कळंना? ओहोटीला टाकायचा. बस."

"किती वेळ?"

"लागंल तवा लागंल."

मी पालथ्या मचव्यावर बसलो, खालून कोंबड्या कलकलत होत्या. तात्या आपल्या ओट्यावर बसले. दोन तास असतील, अडीच असतील. पाणी उतरायला लागलं तेव्हा त्यांनी हनुवटीनं खूण केली. मी आत गेलो, नारळ सोडला. तो एका जागी जरा फिरला आणि मग खाडीच्या तोंडाकडे सरळ निघाला. तो दिसेनासा होईपर्यंत तात्या उभे होते. मग त्यांनी अंगणातली विहिरीच्या पाण्याची कळशी पायानं पालथी केली आणि घरात गेले. मला ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी ओल्या धोतरानं बराच वेळ तिथंच उभा होतो.